मायकेल फॅरडे आणि क्षणभर हललेली सुई

दुखणी दोन जातींची असतात. एक जात रोग्याला धरून बसते. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली की तिचे नाव सांगता येते. दुसरी जात मात्र लबाड असते. रात्रभर दाढ ठणकते, पण सकाळी दवाखान्याची पायरी चढताच ती गप्प बसते, आणि रोगी उगाच कण्हतो की काय, अशी शंका पाहणाऱ्यास येऊ लागते. यंत्रांचेही असेच आहे. साफ बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे फारसे कठीण नाही. परंतु मधूनच बिघडणारे व मधूनच आपण होऊन सुधारणारे यंत्र भल्याभल्या कारागिरांची परीक्षा पाहते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील रस्त्यांवर हल्ली आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. समजा, अशी एक मोटार वैशाखाच्या उन्हात हिंगोलीहून कळमनुरीमार्गे नांदेडकडे निघाली आहे. दहा-बारा कोस ती सुरळीत चालते. मग एकाएकी वेग दाखविणारा काटा शून्यावर येतो, गाडी गचका देते, एकाच गिअरमध्ये अडकून कण्हत चालू लागते, आणि समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा पेटतो. मालक घाबरून ती लिंबाच्या सावलीत उभी करतो, घोटभर पाणी पितो, आणि पुन्हा चालू करून पाहतो तो सर्व ठाकठीक! गॅरेजात न्यावी, तर मेकॅनिकच्या हाती ती शहाण्या मुलासारखी वागते. ह्या खोडीचे मूळ पुष्कळदा गिअरबॉक्सच्या अंगाला बसविलेल्या अंगठ्याएवढ्या एका वस्तूत किंवा तिच्या तारेत असते. त्या वस्तूस स्पीड सेन्सर म्हणतात. तिच्या एका जातीच्या पोटात काय असते? एक लहानसे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. दुसरे काही नाही.

चुंबक व वेटोळे ह्यांच्यातील गूढ नाते ज्या पुरुषाने उलगडले, त्याचे चरित्र आज विद्यार्थिमित्रांस सांगावयाचे आहे. त्याने मोटार कधी पाहिली नाही. तो वारला तेव्हा आजच्यासारखी मोटार जन्मासही आली नव्हती. तथापि जो दोष क्षणभर दिसतो व नाहीसा होतो, तो कसा पकडावा, ह्याचा धडा ह्या पुरुषाच्या आयुष्यात जितका स्पष्ट सापडतो तितका क्वचितच इतरत्र सापडेल.

मायकेल फॅरडे ह्याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडननजीक न्यूइंग्टन बट्स ह्या ठिकाणी झाला. बाप जेम्स हा लोहार होता. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याच्याने भात्यापुढे रोज उभे राहवत नसे, आणि ज्या दिवशी घण थांबे त्या दिवशी चूलही थंड पडण्याची भीती असे. सन १८०१ मध्ये धान्याची महागाई झाली, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्यास आठवड्यास एक पाव येई व तो त्याला आठ दिवस पुरवावा लागे. शाळेत तो लिहिणे, वाचणे व जुजबी हिशेब एवढेच शिकला. घरी पैसा नव्हता, पण धर्म होता. त्याचे आईबाप सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. त्या मंडळीत धनसंचयास मान नसे. साधे राहावे, खरे बोलावे, पवित्र शास्त्रास धरून वागावे, एवढीच तिची शिकवण. हा वारसा मायकेलने जन्मभर जपला.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचविणारा पोऱ्या म्हणून राहिला. वर्षभराने त्याच गृहस्थाकडे सात वर्षांच्या कराराने तो पुस्तकबांधणीचे काम शिकू लागला. ह्या दुकानातच त्याची खरी शाळा भरली. जी पुस्तके बांधावयास येत, ती तो बांधी आणि रात्री वाचून काढी. ज्ञानकोशातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट ह्या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक, ह्या दोहोंनी त्याच्या मनाला नवी दिशा दिली. परंतु वाचले आणि मानले, असा त्याचा स्वभाव नव्हता. आठवड्याच्या खर्चातून चार पैसे वाचवून, बाटल्या व काचा जमवून, पुस्तकातले प्रयोग तो स्वतः करून पाही. प्रयोगाने साक्ष दिली म्हणजे मगच ते विधान त्याच्या पदरी पडे.

त्या सुमारास टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी सृष्टिशास्त्रावर व्याख्याने देत. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. शिकाऊ मुलाजवळ शिलिंग कोठून असणार? थोरला भाऊ रॉबर्ट हा बापाप्रमाणेच लोहारकाम करीत असे. त्याने घणाखाली मिळविलेल्या पैशातून धाकट्याची फी भरली. पुढे ज्या भावाचे नाव जगाने डोक्यावर घेतले, त्याच्या विद्येचा पाया ज्याच्या घामावर उभा राहिला त्या रॉबर्टचे नाव थोड्यांनाच ठाऊक आहे. आपल्या गावोगावच्या घरांतही असे रॉबर्ट आहेत, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

सन १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेतील विख्यात रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलने ती व्याख्याने टिपून घेतली, घरी स्वच्छ अक्षरांत लिहून काढली, आकृत्या काढल्या, आणि सुमारे तीनशे पानांचा तो ग्रंथ आपल्याच हातांनी बांधला. शास्त्राच्या कामी कोणतीही नोकरी मिळावी म्हणून रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस त्याने पत्र लिहिले होते; त्याचे उत्तरसुद्धा आले नाही. तेव्हा धीर करून त्याने तो बांधलेला ग्रंथ डेव्हीसाहेबांकडे धाडला. त्यांनी भेटीस बोलाविले, प्रेमाने बोलले, परंतु पुस्तकबांधणीचा चांगला धंदा सोडू नये असाच सल्ला दिला. थोड्याच दिवसांत त्यांच्या प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा रिकामी झाली, आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅरडे आठवड्यास पंचवीस शिलिंग पगारावर तेथे दाखल झाला. राहावयास संस्थेच्या माळ्यावरील दोन खोल्या मिळाल्या. बाटल्या धुणे, व्याख्यानाची सिद्धता करणे, स्फोटक द्रव्ये हाताळणे ही त्याची कामे होती.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले. फॅरडे त्यांचा लेखनिक म्हणून बरोबर गेला; पण वाटेत त्यास चाकराचीही कामे करावी लागली, आणि डेव्हीबाईंनी त्यास चाकर म्हणूनच वागविले. दीड वर्ष त्याने तो अपमान गिळला, कारण त्या प्रवासात त्यास फ्रान्स व इटलीतील मोठमोठे शास्त्रज्ञ डोळ्यांनी पाहावयास मिळत होते. मानापेक्षा ज्ञान मोठे मानणाऱ्यालाच असा सौदा परवडतो.

सन १८२१ हे त्याच्या आयुष्यातील दुहेरी महत्त्वाचे वर्ष. जूनमध्ये त्याच्याच मंडळीतील सारा बर्नार्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांस मूल झाले नाही, परंतु त्यांचा संसार अखेरपर्यंत अत्यंत सुखाचा झाला. सप्टेंबरात त्याने विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरविण्याचा प्रयोग साधला. आजचे विजेचे पंखे व मोटर ही त्या प्रयोगाची पतवंडे होत. पण ह्या यशाबरोबर आळही आला. वॉलस्टन नावाचे एक वडीलधारे शास्त्रज्ञ त्याच दिशेने विचार करीत होते. फॅरडेने आपल्या लेखात त्यांचा उल्लेख केला नाही, म्हणून दुसऱ्याची कल्पना चोरल्याचा बोभाटा झाला. प्रामाणिकपणा हेच ज्याचे भांडवल, त्याला ह्याहून मोठी जखम कोणती? १८२४ मध्ये त्यास रॉयल सोसायटीचा सभासद करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा विरोध करणारे त्या वेळचे अध्यक्ष स्वतः डेव्हीच होते. फॅरडे निवडून आला. ज्या गुरूने आपणास माळ्यावरच्या खोलीत आणले त्याच्याविषयी मात्र त्याने पुढेही आदरच बाळगला.

आता आपण त्या क्षणभर हललेल्या सुईकडे येऊ. विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले होते. मग चुंबकत्वापासून वीज का उत्पन्न होऊ नये? हा प्रश्न फॅरडेच्या मनात घर करून राहिला. १८२४, १८२५ व १८२८ मध्ये त्याने प्रयत्न केले. ते व्यर्थ गेले. इतरही पुष्कळ जण ह्याच शोधात होते. ते प्रबळ चुंबक आणीत, तारेचे वेटोळे त्याच्याजवळ ठेवीत, आणि सुई सरकून तशीच राहते काय, हे पाहत. सुई जागची हलत नसे. जिनीव्हाच्या कॉलाडॉन नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट तर मोठी चटका लावणारी आहे. मोठ्या चुंबकाचा उपद्रव सुईला होऊ नये, म्हणून १८२५ मध्ये त्याने आपला गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेविला होता. वेटोळ्यात चुंबक घालून तो चालत त्या खोलीत जाई, तेव्हा सुई निश्चल असे. तो वाटेत असतानाच ती हलून पुन्हा स्थिर होत असली पाहिजे! शोध हाती आला होता; पाहणारा तेवढा जागेवर नव्हता.

ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. त्याच्या एका अंगास एक तार व दुसऱ्या अंगास दुसरी तार गुंडाळली. दोहींचा एकमेकींस स्पर्श होऊ दिला नाही. एका तारेस विजेरी जोडावयाची, आणि दुसरीची तार दूर ठेवलेल्या चुंबकसुईवरून न्यावयाची, अशी योजना होती. विजेरी जोडली. सुई दचकल्यासारखी हलली, चार झोके घेतले आणि पूर्वस्थानी येऊन थांबली. विजेरी वाहतच होती, पण सुई पुन्हा हलेना. विजेरी तोडली. त्याबरोबर सुई पुन्हा हलली, ह्या वेळी उलट दिशेने.

विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. तुम्ही-आम्ही काय केले असते? टेबलास धक्का लागला असेल, वारा आला असेल, असे म्हणून पुढच्या कामास लागलो असतो. ज्या परिणामाची अपेक्षा होती तो टिकाऊ परिणाम. आणि दिसली ती केवळ एक थरथर. फॅरडेने त्या थरथरीस तुच्छ मानले नाही. जे क्षणभरच घडते ते का घडते, ह्यापेक्षा त्या क्षणी काय बदलले, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला. आणि उत्तर त्या प्रश्नातच होते. जोडताना व तोडताना कड्यातील चुंबकत्व बदलत होते. मधल्या वेळी ते स्थिर होते. वीज चुंबकाच्या असण्याने उपजत नाही, त्याच्या बदलण्याने उपजते.

मग त्याने हे सर्व बाजूंनी पडताळून पाहिले. ता. १७ ऑक्टोबर रोजी त्याने तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबकाची कांब झटकन घातली, सुई हलली. कांब तशीच राहू दिली, सुई शांत. कांब उपसली; सुई उलट हलली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड प्रवाह मिळविला. जगातील सर्व विद्युत्-जनित्रांची ही आदिमाता. ता. २४ नोव्हेंबर रोजी हा शोध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. आपल्या मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण' पत्राचा पहिला अंक निघाला तो त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी.

आता पुन्हा त्या मोटारीकडे वळू, म्हणजे ह्या शोधाचा अर्थ हातात येईल. गिअरबॉक्समधील फिरत्या दांड्यावर एक लोखंडी दातेरी चक्र असते, आणि सेन्सरचे तोंड त्याच्या दात्यांपासून केसभर अंतरावर असते. दाता जवळ आला की वेटोळ्यातील चुंबकत्व वाढते, दूर गेला की घटते. म्हणून प्रत्येक दात्यागणिक तारेत विजेचा एक हेलकावा उठतो, येताना एका दिशेने व जाताना उलट दिशेने. फॅरडेच्या सुईने १८३१ मध्ये घेतले ते हे दोन झोके. एका सेकंदात असे हेलकावे किती आले, हे मोजून मोटारीतला संगणक वेग ठरवितो आणि त्यावरून गिअर बदलतो. चक्र थांबले की हेलकावे थांबतात. चक्र सावकाश फिरले तर हेलकावे दुर्बल होतात. (दुसऱ्या एका जातीचे सेन्सर अमेरिकेच्या एडविन हॉल ह्याने १८७९ मध्ये लावलेल्या शोधावर चालतात, त्यांस बहुधा तीन तारा असतात.)

मग वाटेत काटा शून्यावर का आला? कारणे अनेक संभवतात. गिअर झिजून निघालेला लोखंडाचा कीस सेन्सरच्या चुंबकास चिकटून बसला असेल. जोडणीच्या पिना गंजल्या किंवा सैल झाल्या असतील. वरचे रबर शाबूत, पण आतील तार तुटलेली, अशीही स्थिती असते. थंड असता तुटकी टोके एकमेकांस टेकलेली राहतात, गिअरबॉक्स तापला किंवा खड्ड्यात धक्का बसला की ती विलग होतात. म्हणूनच गॅरेजात थंड होऊन पोचलेली गाडी निर्दोष दिसते. कॉलाडॉनची सुई आणि ही मोटार, दोहींचे दुखणे एकच: पाहणारा पोचेपर्यंत घटना होऊन गेलेली असते.

अधीर कारागीर येथे अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलतो. कधी दोष जातो, कधी जात नाही. मालकाचे पैसे मात्र दर वेळी जातात. शहाणा कारागीर फॅरडेची रीत धरतो. तो आधी मालकास प्रश्न विचारतो: किती मैल चालल्यावर झाले? गाडी तापली होती काय? खड्डा आला होता, की पाऊस होता? संगणकाने टिपून ठेवलेला फॉल्ट कोड तो पुसून टाकण्यापूर्वी लिहून घेतो. मग स्कॅनर जोडून, जोडीदाराला चालवावयास बसवून, तो स्वतः गाडीबरोबर रस्त्यावर जातो, आणि गिअरबॉक्सचा वेग व चाकांचा वेग ह्या दोहोंवर एकाच वेळी नजर ठेवतो. चाके फिरत असता एक आकडा एकदम शून्य झाला, तर खोटे कोण बोलत आहे ते कळते. मग तो मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध थंड असता मोजतो व तापल्यावर पुन्हा मोजतो; मोजता मोजता वायरिंग हलकेच हलवून पाहतो; सेन्सर काढून त्याचे तोंड पुसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलाचा परिणाम पाहावा, हा नियम तो मोडीत नाही. दोष क्वचित येतो म्हणून तो खोटा ठरत नाही. तो कोणत्या बदलाबरोबर येतो, तो बदल शोधावा लागतो. ही रीत गॅरेजात वागविणारा आपल्या गावचा मिस्त्री फॅरडेचा शिष्यच होय, मग त्याने ते नाव ऐकलेले असो वा नसो.

फॅरडेस ही रीत वागविणे सोपे नव्हते, कारण एक क्षणिक दोष प्रत्यक्ष त्याच्याच ठायी होता. त्याची स्मरणशक्ती मधूनमधून दगा देई. ऐन चाळिशीनंतर हा त्रास वाढला. १८३९ च्या अखेरीस तो इतका थकला की पुढे बराच काळ संशोधन जवळजवळ बंद ठेवावे लागले, आणि १८४१ मध्ये विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला जावे लागले. ज्याची स्मृती कधी साथ देईल व कधी देणार नाही ह्याचा नेम नाही, अशा माणसाने काय करावे? त्याने तक्रार केली नाही, वही ठेविली. रोजच्या प्रयोगांची नोंद तो त्याच दिवशी करी, आणि प्रत्येक परिच्छेदास अनुक्रमाने आकडा घाली. हे आकडे सोळा हजारांच्या पुढे गेले. जे साधले ते त्यात आहे, आणि जे साधले नाही तेही तितक्याच प्रामाणिकपणे आहे. स्मृतीचा दोष त्यास घालविता आला नाही. पण त्या दोषाने सत्याची हानी होऊ नये, एवढी तजवीज त्याने केली.

ह्याच दृष्टीने त्याने लोकांच्या उपयोगाचीही अनेक कामे केली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस ह्या संस्थेचा तो १८३६ पासून जवळजवळ तीस वर्षे शास्त्रीय सल्लागार होता. दीपगृहांच्या काचा आतून धुरकटत व प्रकाश अंधुक होई. तेल जळताना निघणारी वाफच काचेवर थिजते, हे ओळखून त्याने दिव्यास अशी धुराडी योजिली की वाफ थेट बाहेर जावी. ह्या युक्तीवर पैसा मिळविण्याचा हक्क त्याने भाऊ रॉबर्ट ह्यास देऊन टाकला. लहानपणीच्या शिलिंगांची ती परतफेड होती.

सन १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबले फिरविण्याचे खूळ माजले. मंडळी टेबलाभोवती हात ठेवून बसत आणि टेबल हलू लागे; कोणी म्हणे ही भुते, कोणी म्हणे ही नवी वीज. फॅरडेने टेबलावर लहान रुळांवर सरकणाऱ्या फळ्या ठेविल्या व त्यांस एक दर्शक काडी जोडली. आधी टेबल सरकते की आधी हात, हे तिने दाखवून दिले. हात आधी सरकत होते. बसणाऱ्यांनाच त्याची जाणीव नव्हती. त्याने कोणास लबाड म्हटले नाही. मनुष्य स्वतःस कसा फसवितो, एवढेच त्याने मोजून दाखविले. आपल्याकडे अंगात येणे, भानामती ह्यांच्या गोष्टी ऐकताना ही काडी मनात असावी.

आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १८३६ मध्ये त्याने बारा फुटी एक मोठा पिंजरा करविला, त्यास तारा व कथलाचा पत्रा लाविला, आणि तो प्रचंड विजेने भारविला. बाहेरून ठिणग्या उडत असता तो स्वतः पेटती मेणबत्ती व नाजूक उपकरणे घेऊन आत बसला. आत विजेचा मागमूस नव्हता. सेन्सरच्या तारेवर पुष्कळदा जाळीचे वेष्टन असते, ते ह्याच पिंजऱ्याचे लहान रूप. बाहेरची गडबड आतल्या नाजूक संदेशास भिडू नये, म्हणून ते असते. ते फाटले तरी मोटारीस भ्रम होतो.

एवढ्या थोर शास्त्रज्ञास मुलांसाठी वेळ होता. नाताळच्या सुटीत मुलांकरिता होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला त्याने १८२७ ते १८६० ह्या काळात दिल्या. एका साध्या मेणबत्तीवर त्याने दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली. ज्याला लहानपणी शाळा मिळाली नाही, त्याने सर्व मुलांस आपल्या शाळेत बसविले.

मान त्याच्या दारी चालत आले आणि परत गेले. सर ही पदवी त्याने नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. प्रत्येक विश्रामदिनी तो आपल्या लहानशा मंडळीत उपासनेस बसे. १८४० मध्ये तीत त्यास वडील नेमण्यात आले. श्रीमंत सरदारांच्या मेजवान्यांपेक्षा मंडळीतील गोरगरीब आजाऱ्यांच्या समाचारास जाणे त्यास अधिक आवडे. सृष्टी ही परमेश्वराच्या हातची कृती आहे, तिचे नियम लहरी नसणार, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणूनच एखादी गोष्ट लहरीपणाने घडत आहे असे दिसले, तर दोष सृष्टीचा नसून आपल्या पाहण्याचा आहे, असे तो धरून चाले. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यास हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास घर दिले. तेथेच ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, खुर्चीत बसल्या बसल्या, तो शांतपणे निवर्तला. राजेरजवाड्यांच्या पंक्तीस त्याचे दफन झाले नाही. हायगेट येथील स्मशानभूमीत एका साध्या दगडाखाली तो विसावला आहे.

त्याचे काम मात्र विसावले नाही. गुरुत्वाकर्षण व वीज ह्यांचे काही नाते आहे काय, हे पाहण्यासाठी १८४९ मध्ये त्याने उंचावरून जड वस्तू पाडून पाहिल्या होत्या. सुई हलली नाही, आणि हलली नाही असेच त्याने लिहून ठेविले. गुरुत्वाकर्षणाचे तरंग प्रथम पकडले गेले ते १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो ह्या दोन वेधशाळांत. तो संदेश सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच टिकला! तो खरा की आसपासचा धक्का, हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञांनी सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांच्या नोंदी ताडून पाहिल्या. आपला मिस्त्रीही दोन वेग ताडून पाहतो, तीच ही रीत. ह्याच जातीच्या वेधशाळेसाठी आपल्या औंढा नागनाथ परिसराची निवड झाली असून, केंद्र सरकारने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः व २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. लायगोच्या यंत्रात प्रकाश उलट फिरू नये म्हणून जे एक साधन वापरतात, ते फॅरडेने १८४५ मध्ये लावलेल्या शोधावर आधारलेले असून त्याच्याच नावाने ओळखले जाते. लोहाराच्या ह्या मुलाचे नाव अशा रीतीने आपल्या जिल्ह्यातही येऊ घातले आहे.

पालकांस एक विनंती करावीशी वाटते. आपला मुलगा गॅरेजात हात काळे करतो, किंवा मुलगी रेडिओ उघडून बसते, म्हणून कष्टी होऊ नये. हात काळे झाल्याने मनुष्य हलका होत नाही. पाहिले नाही ते पाहिले म्हणण्याने होतो. आणि विद्यार्थिमित्रहो, गणितात, यंत्रात किंवा स्वतःच्या वागण्यात एखादी चूक मधूनच डोकावून नाहीशी झाली, तर सुटलो म्हणून हसू नका. ती पुन्हा येणार आहे. ती कधी आली, तेव्हा काय बदलले होते, हे वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी सुई असेल त्याच खोलीत बसा.